मिश्र त्वचा: कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे. घरगुती निगा, प्रमाणांसकट

वस्त्रगाळ

कपाळ, नाक, हनुवटी दुपारपर्यंत चकाकायला लागतात आणि गाल मात्र चेहरा धुतल्याबरोबर ओढल्यासारखे होतात, ही मिश्र त्वचा. त्यावर "मुलतानी लावा" आणि "साय लावा" असे दोन सल्ले हमखास मिळतात. दोन्ही अर्धेच बरोबर. मुलतानी गालांना लागली की गाल सालपटतात, साय नाकाला लागली की चार दिवसांत पुटकुळ्या येतात. सगळ्या चेहऱ्याला एकच लेप फासायची सवय मोडली नाही तर मिश्र त्वचा ताळ्यावर येत नाही. म्हणून या चर्चेच्या धाग्यावर, आपापल्या टोपणनावाखाली, कुठल्या भागाला काय, किती आणि किती वेळ, असं लिहू या.

आधी खात्री करून घ्या. संध्याकाळी चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, टिपून कोरडा करा आणि तासभर काहीही लावू नका. मग पातळ टिश्यूचे चार तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि एका गालावर दाबा. तुकडे उजेडात धरा. तेलाचा डाग पारदर्शक दिसतो आणि तसाच राहतो. घामाचा डाग पाच-सात मिनिटांत वाळून जातो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत नुसत्या घामाला लोक तेल समजतात आणि त्वचा विनाकारण कोरडी करून घेतात, म्हणून ही पाच मिनिटं थांबायचंच.

कपाळ, नाक आणि हनुवटीवर तैलग्रंथी दाट असतात, गालांवर विरळ. कुठल्याही लेपाने ग्रंथी कमी होत नाहीत. वर आलेलं जादा तेल काढता येतं आणि गालांतलं पाणी धरून ठेवता येतं, एवढंच आपल्या हातात आहे.

सकाळी गालांना नुसतं साधं पाणी पुरे. कपाळ-नाक-हनुवटीला अर्धा चहाचा चमचा बारीक बेसन, एक चमचा पाण्यात दह्यासारखं सैल कालवून बोटांच्या टोकांनी ३० सेकंद फिरवा आणि धुवा. बेसन वाळू द्यायचं नाही. वाळलेलं बेसन काढायला घासावं लागतं आणि खरं नुकसान तिथे होतं. मऊ पंचाने टिपा, पुसू नका. चेहरा ओलसर असतानाच गालांवर ग्लिसरीन घातलेलं गुलाबपाणी आणि दहा मिनिटांनी सनस्क्रीन.

रात्री सनस्क्रीन उतरवायचं असतं आणि ते नुसत्या बेसनाने निघत नाही. अर्धा चमचा सूर्यफूल तेल कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर हलक्या हाताने फिरवा, वरून सैल बेसन लावून तेल उचलून घ्या आणि कोमट पाण्याने धुवा. डोळ्यांभोवती बेसन नको, तिथे तेलाचा ओला कापूस फिरवा. मग गालांना तेलाचे दोन-तीन थेंब. नाकाला काही नाही.

चाफेकळी

दिवाळीचं उटणं उरलं आहे. बेसनाऐवजी रोज तेच वापरलं तर? पाण्यात कालवून लावलं की गाल पांढरट पडतात, असं बऱ्याच जणी सांगतात.

सहाण

चाफेकळी, उटणं एकटं लावायची वस्तूच नव्हे. अभ्यंगस्नानात आधी अंगाला तेल जिरवतात आणि त्यावर उटणं लावतात. उटण्याचं काम ते वरचं तेल उचलायचं. तेल न लावता उटणं घासलं तर ते त्वचेचं स्वतःचं तेल उचलतं. कपाळाकडे ते भरपूर असतं, गालांकडे नसतं, म्हणून गाल पांढरे पडतात. वस्त्रगाळ यांनी रात्री तेलानंतर बेसन सांगितलं आहे तो हाच क्रम, चेहऱ्यापुरता.

तेव्हा उटणं वापरा, पण आठवड्यातून एकदाच. गालांवर आधी तिळाच्या तेलाचे चार थेंब, टी-झोनवर (कपाळ, नाक, हनुवटी) तेल नाही, मग उटणं सगळीकडे.

विकतच्या उटण्याची मोठी अडचण म्हणजे भरड. संत्र्याची साल, वाळा, नागरमोथा हे तंतुमय असतात आणि मिक्सरमध्ये नीट दळले जात नाहीत. चिमूटभर उटणं अंगठा आणि तर्जनीत चोळून कानाशी धरा. करकर ऐकू आली तर ते तळपायांसाठी ठेवा, चेहऱ्याला नको.

चेहऱ्यासाठी घरी करायचं असेल तर १०० ग्रॅमचं प्रमाण असं: मसुरीचं पीठ ५०, मुलतानी माती २०, नागरमोथा १०, वाळलेल्या गुलाबपाकळ्या १०, वाळा ५, आंबेहळद ५. डाळ आधी दोन दिवस उन्हात वाळवायची, नाहीतर दोन महिन्यांत पोरकिडे होतात. प्रत्येक जिन्नस वेगळा दळा, वेगळा चाळा, मग एकत्र करा. शेवटची चाळण धुतलेल्या मलमलच्या कापडातून. वाटीवर कापड ताणून बांधा, वर पूड घाला आणि चमच्याच्या पाठीने गोल फिरवत राहा. कापडाखाली जी पडते ती पिठीसाखरेपेक्षा मऊ असते. कापडावर उरणारा चोथा जवळजवळ पाव भाग निघतो, तो परत दळायचा मोह टाळा.

हळदीबद्दल एक. स्वयंपाकाची हळद रंग सोडते आणि कपाळावर केसांच्या रेषेला दोन दिवस पिवळी कड राहते. आंबेहळद फिकी असते. सुटी, भडक पिवळी हळद चेहऱ्यालाच काय, भाजीलाही नको. तिच्यात रंगासाठी शिशाचा क्षार मिसळल्याचं अनेकदा सापडलं आहे.

घाटावरची

एक शंका. नाकाच्या दोन्ही कडांना आणि भुवयांत पांढरे-पिवळसर पापुद्रे सुटतात. आसपास तेलकट असतं आणि तरी साल निघते. ही कोरडी जागा धरून तिथे खोबरेल लावायचं का?

रसायनी

नाही, आणि हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मिश्र त्वचेतली सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

नाकाच्या कडा, भुवया, कानामागे, केसांच्या रेषेलगत चिकट पिवळसर पापुद्रे, खाली लालसर त्वचा आणि डोक्यात कोंडा असेल तर ती कोरडी त्वचा नसून बहुतेक वेळा सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट भागांतला त्वचेचा दाह असतो. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि तेलावर जगते. तिला तेलातली लांब साखळीची मेदाम्लं लागतात, ढोबळमानाने ११ ते २४ कार्बनची. खोबरेलात निम्मं लॉरिक आम्ल, म्हणजे १२ कार्बनचं. तीळ, बदाम, ऑलिव्ह सगळी या पट्ट्यात बसतात. तेल लावल्यावर पापुद्रे तासाभरासाठी चिकटून बसतात, म्हणून बरं वाटतं. दोन दिवसांत दुप्पट येतात.

खरी कोरडी साल गालांवर, तोंडाच्या कडेला, बारीक पांढऱ्या पिठासारखी असते, चिकट नसते आणि थंडी सरली की जाते. हा फरक आरशाजवळ उजेडात उभं राहून बघा.

कपाळावर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील तर तिथेही हीच बुरशी असू शकते. बेसन-कडुलिंबाचे लेप देत बसू नका. डॉक्टर सहसा २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू किंवा क्रीम देतात. तेवढे दिवस चेहऱ्याचं आणि डोक्याचंही तेल बंद ठेवायचं.

आणि केसांचं तेल. रात्री चंपी करून झोपलं की तेल कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्यातून गालांना लागतं. तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर लावा आणि अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. कपाळ तेलकट असल्याच्या तक्रारी पुष्कळदा एवढ्यानेच कमी होतात.

चाफेकळी

मग गालांना नेमकं कुठलं तेल? कोकणात थंडीत भिरंडेल लावतात, ते चालेल का?

सहाण

भिरंडेल ओठांना, टाचांना आणि फुटलेल्या गालांना उत्तम. कोकमाच्या बियांचं हे तेल खोलीच्या तापमानाला घट्ट असतं आणि ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तो गोळा थेट गालावर घासू नका. खोबरं किसावं तसा नखाने थोडा खरवडा, हरभऱ्याच्या निम्म्याएवढा, आणि दोन तळव्यांत दहा-बारा सेकंद चोळा. पांढरा कण दिसेनासा झाला आणि तळवे नुसते तुकतुकीत झाले की ओलसर गालांवर तळवे दाबा. चोळायचं नाही, दाबायचं. नाकापासून दोन बोटं लांब थांबायचं.

बाकी दिवस सूर्यफूल किंवा करडईचं घाण्याचं तेल. दोन्हींत लिनोलिक आम्ल हे मेदाम्ल जास्त असतं आणि ती अंगात हलकी वाटतात. खोबरेल रंध्रं बुजवणाऱ्या तेलांत मोडतं. हातापायांना चांगलं, मिश्र चेहऱ्याला नाही. मोहरीचं तेल चेहऱ्याला झोंबतं. जोजोबा मुळात मेण आहे आणि महाग आहे, पण टी-झोनच्या कडेलाही सहसा त्रास देत नाही.

रसायनी

सहाण यांच्याशी तेलाबाबत सहमत, एक भर: दमट हवेत, म्हणजे किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर, गालांनाही रात्री तेलाची गरज बहुतेकांना नसते. गुलाबपाणी-ग्लिसरीन पुरतं. विदर्भ-मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत नुसतं ग्लिसरीन उलटतं. ते पाणी ओढतं, हवेत पाणी नसलं की त्वचेच्या आतल्या थरातून ओढतं. अशा हवेत ग्लिसरीनवर तेलाचा झाकणथर हवाच. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनाही हेच लागू.

प्रमाण: १०० मिली गुलाबपाण्यात ५ मिली ग्लिसरीन, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. १० मिलीच्या वर गेलं की चेहरा चिकचिकतो आणि धूळ धरतो. निम्मं-निम्मं मिसळायची कृती जिथे तिथे फिरते, ती टाचांसाठी ठीक आहे.

गुलाबपाणी घेताना पुढचं चित्र न बघता मागची घटकांची यादी वाचा. गुलाबाचं ऊर्ध्वपातित पाणी पहिलं असायला हवं. पाणी, सुगंध आणि रंग एवढंच असेल तर ते अत्तर घातलेलं पाणी आहे. खऱ्या गुलाबपाण्याला रंग नसतो आणि वास मिठाईसारखा गोड नसतो, थोडा हिरवट, देठासारखा येतो.

उन्हाळी

लिंबू-मध, लिंबू-साखर, खायचा सोडा यांबद्दल कोणी लिहिलं नाही. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांसाठी हेच सांगतात.

रसायनी

तिन्ही बाद, कारणांसकट.

त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लतेचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ४.५ ते ५.५. लिंबाचा रस २ ते २.५, खायच्या सोड्याचं पाणी ८ च्या वर, अंगाचा साबण ९ ते १०. पीएचची मोजणी दहाच्या पटीत चालते, म्हणजे साबण आणि त्वचा यांत दहा हजार पटींचं अंतर पडतं. म्हणून साबणाने गाल ओढतात. लिंबाचा धोका आम्लापुरता नाही. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची रसायनं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर एक-दोन दिवसांत फोड येतात आणि नंतर तपकिरी डाग महिनोन् महिने राहतात. आपल्या वर्णाच्या त्वचेवर हे डाग फार गडद उमटतात. डाग घालवायला लिंबू लावणं म्हणजे नवे डाग लावणं.

साखरेचे, अक्रोडाच्या सालीचे स्क्रब धारदार असतात. जायफळ उगाळून मुरमांवर लावतात तेही भाजतं.

नाकावर दिसणारे करड्या रंगाचे, एका ओळीत बसलेले सपाट ठिपके बहुतेक वेळा ब्लॅकहेड्स नसतात. प्रत्येक रंध्रात तेलाचा आणि मृत पेशींचा बारीक तंतू असतो, तो दिसतो. दाबून काढला तरी महिन्याभरात पुन्हा भरतो. तो काढायची गरज नाही. दाबल्याने रंध्राच्या कडा फाटतात आणि ते कायमचं मोठं दिसायला लागतं. खरा ब्लॅकहेड एकटा, काळा आणि किंचित वर आलेला असतो. त्याला सॅलिसिलिक आम्ल लागतं, २ टक्क्यांपर्यंत, फक्त नाकावर, आठवड्यातून दोनदा रात्री. ते घरगुती नाही, पण लिंबापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

घाटावरची

पापुद्र्यांबद्दल सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. आता मुलतानीचं सांगा. पूर्ण वाळेपर्यंत ठेवायची का?

वस्त्रगाळ

नाही. मुलतानी वाळत जाते तशी तेलासोबत पाणीही ओढते. चेहरा आवळल्यासारखा वाटायला लागतो ती वेळ चुकल्याची खूण आहे, मुरल्याची नाही. कडा फिकट पडल्या आणि मधला भाग अजून गडद-ओला आहे, त्या क्षणी धुवायची. पंख्याखाली ६-७ मिनिटं, पावसाळ्यात १०.

एक चमचा माती, दीड चमचा गुलाबपाणी. आधी पाणी वाटीत घ्या, वरून माती भुरभुरा आणि पाच मिनिटं न ढवळता सोडा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. लेप कपाळ, नाक, हनुवटी एवढ्यावरच. त्याच वेळी गालांवर अर्धा चमचा मध, आधी गाल ओले करून. दोन्ही एकदम धुवायचं. हे आठवड्यातून एकदा, मे महिन्यात दोनदा. मुलतानीत दही, लिंबू, टोमॅटो घालू नका.

सहाण

मधाऐवजी साय चालते असं मी म्हणेन. ज्यांचे गाल खरोखर कोरडे आहेत त्यांना मधाने ओशटपणा मिळत नाही.

वस्त्रगाळ

साय चालेल, पण तापवून निवलेल्या दुधाची ताजी, त्याच दिवसाची, आणि धुताना गालांवरून खाली जबड्याकडे न्यायची. नाकाच्या कडेला थोडी जरी राहिली तरी रसायनी यांनी लिहिलेल्या बुरशीला खाद्य. मुरूम असणाऱ्यांनी मधच घ्यावा. परागकणांची ॲलर्जी असेल तर मधही आधी कोपराच्या खोबणीत लावून बघा.

उन्हाळी

कोरफड टी-झोनला आणि गालांना, दोन्हीकडे चालते ना? ताज्या पानाने काहींना खाज सुटते.

सहाण

दोन्हीकडे चालणारी ही जवळजवळ एकच गोष्ट. खाज गराने सहसा सुटत नाही, सालीखालच्या पिवळ्या चिकाने सुटते. बुडाजवळचं जाड, जुनं पान कापा आणि कापलेली बाजू खाली करून पेल्यात १५ मिनिटं उभं ठेवा. तळाशी पिवळट-तपकिरी, कडू वासाचा चीक साठतो, तो फेकून द्या. पान धुवा, दोन्ही काटेरी कडा अर्धा सेंटिमीटर आत धरून कापा, सपाट बाजूची साल सुरीने उतरवा. गराला कुठे पिवळी झाक असेल तर तेवढा भाग काढा. उरलेला काचेसारखा गर पाण्याखाली धरा. मिक्सरमध्ये दोन सेकंदच फिरवा, जास्त फिरवलं तर फेस होतो. फ्रिजमध्ये तीन दिवस, बर्फाच्या ट्रेमध्ये महिनाभर.

बाजारातलं गडद हिरवं जेल म्हणजे रंग. कोरफडीच्या गराला रंग नसतो.

साता_समुद्रापार

लंडनमध्ये पाणी जड आहे आणि हिवाळ्यात घरात हीटिंग. बेसन लावलं तरी गाल खरखरीत राहतात. काय बदलावं?

रसायनी

जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका करतात आणि तो त्वचेवर बसतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या आपल्याकडच्या गावांतही हेच होतं. साबण बंद केला की निम्मा प्रश्न सुटतो. बेसनाचा साका होत नाही, पण क्षार उरतातच, म्हणून शेवटचा हात उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याने फिरवा, पेलाभर पुरतं. उकळल्याने क्षारांचा बराच भाग किटलीच्या तळाशी बसतो, वरचं पाणी घ्या. तिथल्या हिवाळ्यात सकाळी बेसन नकोच, नुसतं पाणी. रात्री ग्लिसरीनवर भिरंडेल किंवा साधी पेट्रोलियम जेली, फक्त गालांना. पेट्रोलियम जेली बुरशीला खाता येत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

चाफेकळी

सनस्क्रीन नैसर्गिक करता येईल का? गाजराच्या बियांचं तेल, झिंक पावडर घरी मिसळून वगैरे.

रसायनी

नाही. तेलांचा एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचं माप) नगण्य असतो. झिंक ऑक्साइड उत्तम आहे, पण घरी मिसळलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि गुठळ्यांच्या मधल्या जागा उघड्या पडतात. डोळ्यांना पांढरा एकसारखा थर दिसतो आणि खाली त्वचा जळत असते. तयार घ्या: एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए+++ (अतिनील-ए किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण), तेलकट भागासाठी जेल किंवा पातळ लोशन. तर्जनी आणि मधलं बोट यांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी. वांग असणाऱ्यांनी लेपांपेक्षा यावर लक्ष द्यावं.

आणखी एक, हा धागा वाचून कोणी सावध झालं तर बरं. "आयुर्वेदिक" म्हणून सुट्या डबीत मिळणारं, दोन-तीन दिवसांत चेहरा उजळवणारं आणि बंद केलं की लालबुंद करणारं क्रीम असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्या. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला नको. २०१८ साली अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, तरी काउंटरवरून ती मिळत राहतात. त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, गालांवर लव वाढते. महिनोन् महिने वापर झाला असेल तर एकदम थांबवू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडून उतरवून घ्या. बेसन-कोरफड तोवर बाजूला.

उन्हाळी

गुलाबपाणी-ग्लिसरीन एकदम मोठी बाटली भरून ठेवलं तर? ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली की टिकतं म्हणतात.

वस्त्रगाळ

ई जीवनसत्त्व तेलाला खवट होऊ देत नाही. जंतूंवर त्याचा काही परिणाम नाही, आणि पाण्यात ते मिसळतही नाही, वर तवंग येतो. पाणी असलेलं कुठलंही घरगुती मिश्रण फ्रिजमध्ये सात दिवस. बाटली उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेली हवी, तोंड बोटाने न शिवता फवाऱ्याने वापरायची. गढूळ दिसलं, तळाशी धागा तरंगला किंवा वास बदलला की ओतून द्या. एकावेळी ५० मिली गुलाबपाणी आणि अर्धा चमचा ग्लिसरीन करा, आठवड्याला बरोबर संपतं. उटण्याच्या डब्यात ओला चमचा नको. आठवड्यापुरतं छोट्या डबीत काढून घ्यायचं.

नवीन जिन्नस एका वेळी एकच सुरू करा. कोपराच्या खोबणीत तीन दिवस रोज लावून बघा, कारण ॲलर्जीची खाज पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. मग चेहऱ्यावर, आणि चार ते सहा आठवडे बदल न करता. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो, त्याआधी जिन्नस बदलला तर कशाने काय झालं ते कळत नाही. खाज, आग किंवा लाली आली तर मात्र त्याच दिवशी बंद.